खालची वस्ती

येलदरी धरण आणि पूर्णाकाठचं ते गाव यांच्यामध्ये टेकडी होती. धरणावरचा बिनतारी संदेश गावात थेट पोचत नसे, म्हणून टेकडीवर तिसरा संच बसवला होता. इकडचं ऐकायचं आणि तिकडं सांगायचं, हे रंगनाथचं काम.

"तासाभरात पाणी सोडायलेत. काठ रिकामा करा!" दुपारी तो तिसऱ्यांदा ओरडला.

"गाव हललं," गावातला संच ज्यांच्या उंचावरच्या घरी होता, ते माणिकराव पाटील म्हणाले.

"आन् खालची वस्ती?"

संच नुसता खरखरत राहिला. नामांतराच्या दंगलीत त्या वस्तीतलं रंगनाथचं घर जाळलं होतं. आई तरीही तिथंच राहत होती.

"पाटील, वस्तीत कुणी गेलं का?"

तेवढ्यात धरणावरून शेवटचा इशारा आला. तोही त्यानं पुढं सांगितला. बऱ्याच वेळानं पलीकडून बाईचा आवाज आला.

"रंगा, आमी समदे वर आलोत. पाटलीणबाई सोता बोलवायला आल्या."

"माय! त्यांच्या अंगणात हाईस का?"

"त्यांच्या घरात," आई हळूच म्हणाली. "आत."