मार्लिसच्या गाडीची गळती

"पुन्हा गळतंय," मार्लिस म्हणाली आणि किल्ली आर्विडच्या कामाच्या बाकावर ठेवली.

गावातल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या आर्विड टोलेफसनने किल्ली उचलली. पिकअप शेडमध्ये शिरताच खाली तांबडे थेंब पडायला लागले होते, ते त्याने पाहिले होते. गिअरबॉक्सचं तेल तांबडं असतं, लपवता लपत नाही.

मार्लिसचा नवरा लायल जाऊन तीन वर्षं झाली. जाण्याआधी त्याने मोठ्या हौसेने गिअरबॉक्सच्या तळाचं कंपनीचं पत्र्याचं तेलाचं पॅन काढून टाकलं होतं आणि बाहेरचं, टपालाने मागवलेलं, भलंमोठं अॅल्युमिनियमचं पॅन बसवलं होतं. यात तेल जास्त मावतं, गुरांचा ट्रेलर ओढताना गिअरबॉक्स तापत नाही, असं तो रस्त्यात माणसं थांबवून सांगायचा. ते पॅन पहिल्या दिवसापासून गळत होतं. गळलं की बोल्ट आणखी आवळायचे, एवढाच उपाय लायलला ठाऊक. आवळून आवळून त्याने पॅनच्या कडेला असतं त्या पॅकिंगचा पार चेंदामेंदा केला.

आर्विडने ते पॅकिंग पहिल्याच खेपेला बदललं. गळती तिथेच थांबायला हवी होती.

ती थांबली नाही, कारण मागच्या कोपऱ्यातला एक बोल्ट आर्विड दर वेळी किंचित सैल ठेवायचा.

नॉर्थ डकोटाच्या या भागात काम असल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही. सहज भेटायला आलो असं म्हणणाऱ्याची तब्येत बरी नाही, असंच आमच्याकडे धरून चालतात. त्यातून ही विधवा आणि हा बिनलग्नाचा. दोघं एका वर्गात शिकलेली असली म्हणून काय झालं, लोकांची तोंडं कोण धरणार? गळक्या पॅनला मात्र कुणी नावं ठेवत नाही.

महिना-दीड महिन्याने थेंब पडायचे आणि मार्लिस यायची. आर्विड कॉफी विचारायचा. ती दोनदा नको म्हणायची आणि तिसऱ्यांदा घ्यायची, जशी इथे सगळेच घेतात. मग तो गाडीखाली, ती स्टुलावर. गव्हाचा भाव, चर्चचं गळकं छप्पर, कुणाचे गुडघे. ती गेली की शेड त्याला खायला उठायची. मग तो रेडिओ मोठ्याने लावून ठेवायचा. त्याला ती हवी होती. शाळेत असताना हवी होती, लायलच्या लग्नात नवरदेवाच्या शेजारी उभा राहिला तेव्हा हवी होती, आणि आता साठी उलटल्यावरही हवी होती. एवढं वाक्य त्याने आजवर तोंडातून काढलं नव्हतं.

आज कॉफी पिता पिता मार्लिसने सांगितलं की पुढच्या आठवड्यात ती मिनेसोटाला मुलीकडे निघते आहे. हिवाळाभर राहा म्हणते मुलगी. आता तर म्हणते, शेत विकून कायमचीच ये.

"तू काय म्हणालीस?" आर्विडने गाडीखालून विचारलं.

"म्हटलं, गाडी धड झाली की निघते."

आर्विड पाना हातात धरून तसाच पडून राहिला. ही गाडी तिथवर पोचायची नाही, एवढं म्हणणं तिला थांबवायला पुरे होतं. पण बाई हट्टी. ऐकलं नाही आणि निघाली, तर? मैलोन्‌मैल घर नाही अशा रस्त्यावर तेल संपायचं, गिअरबॉक्स जळायचा आणि ही थंडीत गोठून मरायची. आपल्या लबाडीची त्याला पहिल्यांदाच शिसारी आली.

"गाडी आज इथंच राहू दे," तो म्हणाला. "नीट करतो."

"मग इतके दिवस काय करत होतास?"

"तुला कॉफी पाजत होतो."

मार्लिस हसली नाही. त्याने तिला आपल्या गाडीतून घरी सोडलं.

मग त्याने पॅन उतरवलं. त्याची कड घासून सपाट केली, नवं पॅकिंग घातलं, सगळे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत मापात आवळले. मागच्या कोपऱ्यातलाही. नवं तेल भरून गावात एक फेरी मारून आला आणि गाडीखाली पुठ्ठा अंथरून झोपायला गेला. सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत होता. इतकं चांगलं काम करून कधी रडू येईल, असं त्याला वाटलं नव्हतं.

मार्लिस गाडी न्यायला आली.

"आता गळणार नाही?"

"नाही."

"कधीच?"

"मी जिवंत असेतो तरी नाही."

"बरं," ती म्हणाली. कॉफीला तिने तिन्ही वेळा नको म्हटलं.

निघायच्या दिवशी सकाळी तिची गाडी पुन्हा शेडच्या दारात उभी होती. मागे बॅगा बांधलेल्या.

"गळतंय," मार्लिस म्हणाली. ती भलतीकडेच बघत होती.

एकदाच मनापासून केलं, आणि तेच फसलं. आर्विड अंगातला कोटही न काढता गाडीखाली शिरला. पॅन तांबड्या ओघळांनी माखलं होतं. त्याने एकेक बोल्ट पान्याने तपासला. सगळे घट्ट. वरच्या नळ्या कोरड्या. बाहेर येऊन त्याने इंजिन चालू करून तेल मोजायची पट्टी ओढली. तेल जितकं भरलं होतं तितकंच होतं. चक्रावून तो पुन्हा खाली गेला.

"असली गाडी घेऊन एवढ्या लांब जाता येईल का?" वरून मार्लिसने विचारलं. "तूच सांग, आर्विड. तू म्हणशील तसं करते."

आर्विडने एक ओघळ बोटांवर घेतला. बोटं एकमेकांना चिकटली. त्याने वास घेतला, मग बोट जिभेला लावलं. रानचेरीचा पाक होता, घरी आटवलेला.