टोपणावरचा अंगठा

"ताई, एसी लावला की गिऱ्हाईक विचारतं, भाडं गाडीचं घेता की वाफाऱ्याचं?" टॅक्सीवाल्याने बॉनेट उचलून टेकू लावला.

गाडी लांबून आलेली होती. पांढरा रंग पिवळट पडलेला, आतल्या पाइपांवर बोटभर धूळ. हे मॉडेल वर्षानुवर्षं त्याच रूपात निघत होतं. बाहेरून जुनं कुठलं, नवं कुठलं, सांगणं अवघड. ही मात्र चांगलीच थकलेली दिसत होती. टॅक्सी बिचाऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात.

"गॅस कधी भरला होता?" तिने विचारलं.

"त्याचं असं झालं ताई..." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "आलोच," म्हणत तो गॅरेजबाहेर गेला आणि कोणाशी तरी तावातावाने बोलू लागला.

तिने फडक्याने धूळ पुसली. गॅस भरायच्या तोंडावरच्या टोपणापाशी तिचा हात थांबला.

टोपण आणि पाइप यांच्या सांध्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. त्यात अंगठा उमटला होता आणि अंगठ्याच्या मधोमध आडवी रेघ.

ती स्टूल ओढून बसली.

"आलास?" ती हळूच म्हणाली.

तिच्या नवऱ्याची ही खूण. गॅस भरला की टोपण बंद करून सांध्यावर ठिपका द्यायचा आणि ओल्यातच अंगठा दाबायचा. दुसऱ्या कोणी टोपण उघडलं तर ठिपका तुटायचा, की भांडायला हा मोकळा. नेलपॉलिश अर्थातच तिचं. आडवी रेघ जुन्या जखमेची. गॅसची गार धार उडून अंगठ्याची कातडी गोठली होती, तिथे व्रण राहिला.

त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. त्या संध्याकाळी दोघं कशावरून तरी भांडले. कशावरून, ते आता तिला आठवतही नव्हतं. स्वतःचं शेवटचं वाक्य मात्र पाठ होतं. "जा, कुठेतरी जाऊन थंड हो." सकाळी पुलावर त्याची स्कूटर सापडली, शेजारी चपला. खाली नदी दुथडी भरून वाहत होती. शोधणारे थकले आणि घरी गेले. ते वाक्य मात्र तिच्याच घरी राहायला आलं.

त्याचं काम ती हळूहळू शिकली. तो गेल्यानंतर सहा वर्षांनी नव्या गाड्यांसाठी नवा गॅस आला. त्याची तोंडं वेगळी, नळ्या वेगळ्या. जुन्या मशीनची नळी नव्या गाडीला बसतच नाही, नव्याची जुनीला नाही. मग तिने दुसरं मशीन घेतलं. तो असता तर नावं ठेवून ठेवून दमला असता.

सुरुवातीला त्याच्या खुणेच्या गाड्या बऱ्याच यायच्या. अशा दिवशी ती वर घरी गेली की सासूबाई नुसतं तोंड बघून ओळखायच्या. "आला होता का गं?"

"आला होता, आई."

त्या रात्री दोघींना घास गोड लागे. मग गाड्या भंगारात गेल्या, खुणा विरळ झाल्या. गेली तीन वर्षं तर एकही नव्हती.

आणि सोमवारी तिचं लग्न होतं. स्पेअर पार्टवाल्याशी. सासूबाईंनीच रेटून जमवलेलं. "त्याच्या तोंडात फिल्टर बसवलाय, शब्द गाळून येतो," त्या म्हणाल्या होत्या. "माझ्या लेकाने पुष्कळ आवाज केला. आता जरा शांतता बघ."

तिला शांतता हवीच होती. फक्त गेलेल्या नवऱ्याने एकदा तिला जाऊ द्यायला हवं होतं.

"सोमवारी लग्न आहे माझं," ती ठिपक्याला म्हणाली. "तू रागावला नाहीस ना? त्या दिवशीचं मी मनापासून म्हटलं नव्हतं रे."

कंप्रेसरच्या पट्ट्यावरून एक धुळीचा पुंजका खाली पडला. ठिपका अखंड होता. म्हणजे त्याच्यानंतर कोणी टोपणाला हात लावला नव्हता. एवढी वर्षं गॅस टिकवला बाबाने, ती मनात म्हणाली, आणि तिला हसू आलं, डोळेही भरले. निरोप घ्यायलाच आला असणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला छातीत मोकळं वाटलं.

"जा आता," ती म्हणाली. "सुखाने जा."

तिने नखाने ठिपका खरवडला. खपली उडेल असं वाटलं होतं, पण तो नखाला मऊ लागला, बोट लाल झालं. इंजिनाच्या धगीने असेल. टोपण फिरवून काढलं आणि त्याच्या जुन्या मशीनची नळी ओढली. आज त्याचंच मशीन हवं.

नळी बसेना.

तिने तोंड पुसलं, पुन्हा लावली. दाबली. फिरवली. नळी घसरून हातात आली.

वरून सासूबाईंची हाक आली. "किती वेळ गं? आला होता की काय आज?"

तिने जुनी नळी खाली सोडली. उठली, आणि त्याने कधी पाहिलंच नव्हतं त्या नव्या मशीनची नळी ओढून आणली.

नळी टक्क करून बसली.