शहाणी

सन दोन हजार वीस. दिवाळी उलटली तरी शाळेचं कुलूप निघालं नव्हतं, आणि हसीनाबाई प्रवरेकाठच्या त्या गावात मारुतीच्या पारावर मुलं जमवून शिकवत होत्या. मुलं पाढे विसरली होती. काही तर ओळीत बसायचंसुद्धा विसरली होती. ज्या घरात मोबाईल होता तिथं तो बापाच्या खिशात असे, आणि बाप रानात.

राजनंदिनी आठवीत होती. तिला आई नव्हती. बाप बिभीषण उसाच्या ट्रॅक्टरवर असायचा, हंगामात घरी येई तो झोपण्यापुरता. घर आजीच्या हातात. मार्चपर्यंत वर्गात सगळ्यांच्या आधी बोट वर करणारी ही मुलगी आता पारावर मान खाली घालून बसे. काही विचारलं तर ओठ हलत, आवाज फुटत नसे. शाळा अशीच बंद राहिली तर बिभीषण पोरीला उजवून मोकळा होणार, असं गावात बोललं जात होतं. शाळा उघडेपर्यंत हिला टिकवायचीच, असं हसीनाबाईंनी मनाशी धरलं.

त्यांनी पहिली-दुसरीची पोरं तिच्या पुढ्यात बसवली. "आजपासून यांची बाई तू." राजनंदिनी खडे मांडून त्यांना बेरीज शिकवू लागली. हळूहळू आवाज आला. मग जोरही आला. "आरं, हातचा काय खिशात घातला का?" ती एका पोरावर ओरडली, तेव्हा हसीनाबाईंना पदराआड हसावं लागलं.

आडवी येत होती ती आजी, छबूबाई. मधूनच पोरीला पाठवायची नाही. कधी ताप, कधी पाहुणे, कधी नुसतंच "आज न्हाई". आठवीच्या बाकी मुली पंजाबी ड्रेस घालून येत. राजनंदिनी मात्र आखूड झालेल्या फ्रॉकात, दोन घट्ट वेण्या घालून, वर भर उन्हात ढगळ स्वेटर. पोरं हसत. आजीला नातीची लाजच वाटत नाही, असं हसीनाबाईंना वाटे.

तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. मुलीनं साडी नेसून भाषण करायचं, हे शाळेत ठरलेलंच. हसीनाबाई आपली इरकली साडी घेऊन छबूबाईच्या दारात गेल्या.

"साडी नगं, बाई. फ्रॉकावरच बोलू द्या तिला."

"आजी, फ्रॉकातल्या सावित्रीबाई कुणी पाहिल्यात का?"

"मंग दुसरी पोरगी घ्या."

"तुम्हाला नात पुढं गेलेली बघवत नाही, असंच ना?"

छबूबाई शेणाची पाटी उचलून गोठ्यात निघून गेल्या.

तीन तारखेला हसीनाबाईंनी स्वतःच तिला साडी नेसवली, आणि राजनंदिनी बोलली. डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. अंगावर चिखल झेलत शाळेत जाणाऱ्या बाईची गोष्ट तिनं न अडखळता सांगितली. हसीनाबाई मोबाईलवर चित्रण करत होत्या. शेवटी त्या स्वतःच बोलून गेल्या, "बघा! शाळा बंद होती, तरी आमची राजनंदिनी शहाणी झाली." बिभीषणनं हे ऐकावं म्हणून त्यांनी तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला.

सगळ्या गावानं ऐकलं.

हसीनाबाई श्रीरामपूर शहरात वाढलेल्या. त्यांच्या तोंडी शहाणी म्हणजे हुशार. या खेड्यातल्या जुन्या बायकांनी मात्र हा शब्द फार वर्षांपासून दुसऱ्याच कामाला ठेवला होता. मुलीला पहिल्यांदा पाळी आली की त्या तसं म्हणत नसत. शहाणी झाली म्हणत.

"बाईंनी तर दवंडीच दिली," नळावर बायका हसल्या. व्हिडिओ या हातातून त्या हातात करत कर्जतला बिभीषणच्या बहिणीकडे पोचला. तिनं स्थळ काढलं. मुलाकडच्यांना मुलगी दाखवायचीही गरज पडली नाही. साडीत त्यांनी ती पाहिली होतीच.

कळलं तशा हसीनाबाई धावत गेल्या. "बिभीषणभाऊ, मी अभ्यासाचं म्हणाले होते. हुशार झाली, एवढंच."

"असू द्या की," बिभीषण म्हणाला. "पर खोटं थोडंच हाय? आत्तीनं इचारलं, तवा पोरगीच बोलली. घरात मला कोन सांगतंय? तुमच्यामुळं कळलं. आईविना पोर, शाळा न्हाई, मी रानात. आता गावाला म्हाईत झाल्यावर घरात ठिवू व्हय?"

बालविवाह थांबवा म्हणून हसीनाबाई ग्रामसेवकाकडे जाऊन येईपर्यंत बिभीषण पोरीला कर्जतला घेऊन गेला होता. तिकडंच एका वस्तीवर, चार माणसांत अक्षता पडल्या. गर्दीला बंदी असल्यानं कुणाला बोलवायचा प्रश्नच नव्हता. त्याच महिन्याच्या अखेरीला शाळेचं कुलूप निघालं.

बिभीषण अजून ट्रॅक्टरवरच असतो. जावई चांगला निघाला नाही, हे तो कुणाला सांगत नाही. राजनंदिनीला दोन मुलं आहेत. ती कांद्याच्या खुरपणीला जाते आणि फार बोलत नाही, असं कर्जतहून येणारे सांगतात. पहिली-दुसरीची ती पोरं मोठ्या वर्गांत गेली. बेरीज त्यांना पक्की येते. हसीनाबाईंनी बदली मागून घेतली. छबूबाई पुढच्याच वर्षी गेल्या.

त्याआधी, बदलीचा हुकूम हातात पडल्यावर, हसीनाबाई त्यांना भेटायला गेल्या होत्या. आजी खाटेला खिळल्या होत्या. "आजी, तुम्ही तरी अडवायचं होतं," हसीनाबाई म्हणाल्या.

छबूबाईंनी भिंतीकडची मान वळवली. आवाजात राग नव्हता.

"ती दिवाळीच्या आधीच शहाणी झाल्ती, बाई. पोटच्या लेकाला सुदिक कळू दिलं न्हाई मी. म्हनलं, तुमची शाळा उघडंस्तवर फ्रॉकातच झाकून ठिवावी."