न जाणवणारं ऊन

मे महिन्याच्या भर दुपारी तेंदूपानं तोडताना सगुणाला तिची धाकटी नणंद फुलवंता मोहाच्या झाडाखाली आडवी झालेली दिसली.

"झोपू द्या तिले, थकली असन," मुकादम म्हणाला.

फुलवंताच्या चेहऱ्यावर ना घाम होता, ना एखादी माशी. पण कंत्राटदारानं सुई टोचवल्यापासून मजुरांपैकी कुणालाच ऊन जाणवत नव्हतं, घाम येत नव्हता की डास-मुंगी शिवत नव्हती. सगुणा पुढे गेली. संध्याकाळी तिनं हलवलं, तेव्हा फुलवंता ताठरली होती.

"उन्हानंच गेली," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "सुईनं ऊन कळत नाही एवढंच. ते लागायचं थांबत नाही."

"मग काढा हे आमच्या अंगातून!"

"आता नाही निघत, बाई."

तेराव्यानंतर सगुणा पोटासाठी पुन्हा रानात आली. दुपार होताच तिनं मुकादमाला न जुमानता बायकांना सावलीत बसवलं आणि एकेकीच्या कपाळाला हात लावला. तळव्याला ताप कळेना. मग कुणाची शुद्ध हरपतेय का हे बघायला ती प्रत्येकीला विचारू लागली, "तुयं नाव सांग वं."

"गिरजा."

"सोनाबाई."

तिसरी, वनिता, नुसतीच तिच्याकडे बघत राहिली. सगुणानं पाण्याची अख्खी कळशी तिच्या डोक्यावर उपडी केली आणि ओरडली, "बोल ना वं, माय!"