शांत हिवाळा

"वॅफल गार, आणि वरचं तपकिरी चीज बघ, आरपार दिसतंय," हालवर इडुनच्या कानाशी कुरकुरला. "माझ्या निरोपाला एवढा हात आखडता."

इडुन कशीबशी हसली. अकरा वर्षं हालवर स्कीवर डोंगर चढून बर्फाच्या भेगा मोजत आला होता. ऑक्टोबरात वर सेन्सर बसले. बर्फ चाळीस मिलिमीटर सरकला की कडा कोसळण्याआधी इशाऱ्याचा भोंगा वाजणार. एक हिवाळा हालवर आणि सेन्सर दोघांनी मिळून पहारा द्यायचा, असं ठरलं होतं. आज नगरपालिकेचा स्टाइनार पहारा एकट्या सेन्सरकडे सोपवायच्या कागदावर सही करणार, आणि उद्यापासून हालवर घरी. खिडकीतून डोंगराच्या पायथ्याची बालवाडी दिसत होती. मुलं बर्फात लोळत होती.

"अख्ख्या हिवाळ्यात भोंगा एकदाही नाही," स्टाइनार पेनाचं टोपण काढत म्हणाला. "इतका शांत हिवाळा मी तरी पाहिला नाही."

"फेब्रुवारीत बर्फ घसरून डोंगरावरच्या कुंपणाला येऊन टेकला होता," हालवर म्हणाला. "तुमच्या भोंग्याचा डोळा लागला होता वाटतं."

"कुंपण कुठे, बालवाडी कुठे. वॅफल खा, हालवर."

फेब्रुवारीचा विषय निघाला की सगळे असेच आपापल्या बशीत बघत. आज इडुनला ते जमेना. सेन्सरचा जुना प्रोग्राम सी या संगणकाच्या भाषेतला. त्याच्याशी बोलणारा प्रोग्राम तिने पायथन या दुसऱ्या भाषेत लिहिलेला. कुठला सेन्सर, कुठला भोंगा, किती सरकलं की वाजायचं, हे सगळं एका चौकटीत भरून ती सीकडे देत असे. म्हणजे चौकट नव्हे, ती जिथे ठेवली तिथला पत्ता. सी दर वेळी त्या पत्त्यावर जाऊन आकडा वाचणार. आणि पायथन भारी टापटिपीचं. कुणी धरून न ठेवलेली वस्तू ते थोड्या वेळाने उचलून टाकतं आणि जागा दुसऱ्याला देतं.

ती चौकट आपण धरून ठेवली होती का?

ऑक्टोबरातली चाचणी दोन मिनिटांची होती. तेवढ्या वेळात चौकट अजून जागेवरच असणार; भोंगा खणखणीत वाजला. मग बोटं गारठली म्हणून सगळे कॉफीला खाली उतरले.

तिने मांडीवर लॅपटॉप उघडला. सीला विचारलं, मर्यादा किती? चाळीस यायला हवे होते. नऊ आकडी संख्या आली. तिने पुन्हा विचारलं. तीच.

तेवढा तर डोंगरसुद्धा सरकला नसता.

"सही इथेच ना?" स्टाइनारने विचारलं.

इडुनने हात लांब करून त्याच्यापुढचा कागद ओढून घेतला. हालवरने वॅफल खाली ठेवलं.

"आधी बालवाडीला फोन कर, मुलांना आत घ्या म्हणावं," ती म्हणाली. "हिवाळा शांत नव्हता, स्टाइनार. माझा भोंगा ऑक्टोबरपासून मुका आहे."