चालू हालतीत

महारुद्र मिस्त्रीनं बॉनेट खाली सोडलं आणि हात पुसत सांगितलं, "गाडी चालू हाय. पण चालू म्हणण्यासारखी न्हाई."

बन्सीधरच्या हातात लेकीच्या लग्नाची यादी होती. तीन वर्षांपूर्वी बैठकीत पाच माणसांसमोर लिहिलेली. 'मोटार एक, चालू हालतीत' असं तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं. आता फारकतीच्या बोलणीत ठरलं होतं की दिलेलं सगळं यादीबरहुकूम परत यायचं, मंजुषानं मिळाल्याची सही करायची, मग तिला फारकतीचा कागद मिळणार. नवऱ्यानं त्यावर सही आधीच केली होती आणि तो कागद सासऱ्याच्या, दिनकररावांच्या, खिशात होता. भांडी आली होती, कपाट आलं होतं, पलंगसुद्धा आला होता. राहिली होती मोटार. ती घेऊन दिनकरराव पालमहून परभणीला आले होते. मिस्त्री दोघांच्याही ओळखीचा नव्हता, म्हणून त्याचा शब्द दोघांनाही मान्य होता.

मंजुषा जुन्या टायरांच्या ढिगाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिला सहीपुरतं आणलं होतं.

"सांगा," बन्सीधर म्हणाला.

मिस्त्री सांगत गेला. टर्बो ऑइल खायलाय. टायमिंगची चेन सैल झालीय, सकाळी स्टार्ट केली की खडखड करत असंल. गिअर बदलताना झटका देतीय, म्हणजे गिअरबॉक्स खोलावा लागंल. खालचे आर्म गेलेत, म्हणून खड्ड्यात आपटती. "अन् याच्यात ट्रॅक्टरचं ऑइल कुणी टाकलं?"

"ऑइल ते ऑइल," दिनकरराव म्हणाले. "घरात अख्खा ड्रम हाय."

"या इंजनाला न्हाई चालत, मालक. ही पळायची गाडी. नवी होती तवा बत्तीस लाखाची. आज कुणी अडीचला घेणार न्हाई, पण पार्ट अजून बत्तीस लाखाच्याच गाडीचे लागतात." त्यानं कागदावर बेरीज केली. "सगळं करायचं तर तीन लाख चाळीस."

बैठकीत दिनकररावांनी नुसतं 'गाडी जरा मोठी बगा' म्हटलं होतं. नवी मोठी गाडी घ्यायची बन्सीधरची ऐपत नव्हती आणि नवी लहान गाडी द्यायची त्याला लाज वाटली. मग पुण्याहून अकरा वर्षं वापरलेली, पण नाव असलेली मोटार आणली, पॉलिश मारून, रिबन लावून मांडवासमोर उभी केली. पाहुणे तिच्याजवळ उभं राहून फोटो काढत होते. त्या दिवशी बन्सीधरची छाती फुगली होती, खोटं कशाला बोला.

"तुमी दिली तवाच ती म्हातारी होती," दिनकरराव म्हणाले. "आमी कधी बोललो का?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बगा व्याही, खर्च निम्मा निम्मा करू. गाडी राहू द्या आमच्याच दारात. अन् पोरीलाबी पाठवून द्या. तिची तरी काय तक्रार हाय, जमत न्हाई, येवढीच ना? जमंल हळूहळू. कागदबिगद कशाला पाहिजे."

बन्सीधरनं यादीची घडी घातली, परत उलगडली. एक लाख सत्तर, आणि लेक नांदती. चार महिने झाले, गावातलं, वालूरमधलं, प्रत्येक माणूस विचारत होतं की मंजू अजून माहेरीच कशी. तो मंजुषाकडं न बघता म्हणाला, "विचार करायला हरकत न्हाई."

मंजुषानं ते ऐकलं. आता आपल्याला रडू यायला पाहिजे, असं तिला वाटलं. आलं नाही. चार महिने तिला काहीच येत नव्हतं, राग नाही, भूक नाही. मिस्त्रीच्या भिंतीवर नट आवळायचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं टांगलेले होते. त्यातला एक उलटा टांगला होता. ती त्याच्याकडं बघत बसली.

"मग तसं लिहून देतो," म्हणत मिस्त्रीनं गाडीला एक शेवटची चक्कर मारली आणि समोर येऊन थांबला. "हिशोबात काच धरायची राहिली." पुढची काच डाव्या बाजूला भाकरीएवढी तडकली होती.

"दगड उडाला," दिनकरराव म्हणाले.

मिस्त्रीनं काचेवर बाहेरून तळवा फिरवला. मग दार उघडून आतून फिरवला. "दगड बाहेरनं लागतो, मालक. हिला आतनं दणका बसलाय. काच बाहेर फुगलीय बगा."

"माझं डोकं होतं," मंजुषा म्हणाली.

तिघांनी तिच्याकडं पाहिलं. ती खुर्चीतून उठली नाही. दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगत राहिली. "रिकामा रस्ता दिसला की हे पळवायचे अन् मधीच कचकन ब्रेक दाबायचे. मी ओरडले की हसायचे. बेल्ट लावू द्यायचे न्हाईत. माझ्यावर भरवसा न्हाई का, म्हणायचे."

बन्सीधरनं तिच्या कपाळाकडं पाहिलं. माहेरी आल्यापासून ती भांग एका बाजूला पाडून केस पुढं ओढत होती. त्याला ते दिसलं होतं. त्यानं विचारलं नव्हतं.

दिनकररावांनी घसा साफ केला. "काचेचे आमी देऊ," ते म्हणाले. "पुरे देऊ."

बन्सीधरनं यादी मंजुषाकडं दिली, मिळाल्याची सही करायला लावली आणि ती दिनकररावांच्या हातात ठेवली.

"गाडीबी ठेवा तुमाला," तो म्हणाला. "मला पोरीचा कागद द्या."

गाडी फुकटात राहत होती. दिनकररावांनी खिशातून कागद काढून दिला.

बाहेर बन्सीधरनं एसटी स्टँडसाठी रिक्षा ठरवली. आत बसल्याबरोबर मंजुषानं समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, पाय पत्र्याला रोवले आणि मान खाली घातली. रिक्षावाला अजून खाली उभा राहून तंबाखू मळत होता.