सुटे भाग

पर्यटकांच्या नव्या रेल्वेसाठी वाफेची जुनी इंजिनं शोधायला गेलेले फिटर बाबा संध्याकाळी फणफणतच घरी आले. लेक त्यांच्या काळ्याकुट्ट हातांवर पाणी घालू लागली, तरी तोंडाचा पट्टा सुरूच.

“दोन इंजिनं सापडली, अगदी जुळी भावंडं! तर साहेब म्हणतो, एकाचे भाग काढून दुसऱ्याला लावा, एकच चालवू. अरे, दोन्ही धडधाकट आहेत! जरा हात सैल सोडला तर दोन्ही पळतील. चांगल्या जिवाला असं सोलून काढायचं? कसाई कुठला!”

लेकीने तांब्या दाणकन खाली आपटला.

“साहेबाच्या नावानं कशाला बोटं मोडता, बाबा? दादाच्या कॉलेजपायी माझी शाळा बंद केलीत, तेव्हा मी काय गंजले होते?”